पाच शब्द आणि आमच्या ह्यांचे हातवारे

आमचे हे शाळेत असताना कधी कॉपी करताना सापडले नाहीत, कारण मुळात शाळेतच फार दिवस टिकले नाहीत. सापडले ते साठी उलटल्यावर, सोलापूरच्या दवाखान्यात, आणि तेही माझ्या परीक्षेला. पकडलं कुणी? मीच.

मी बाई. म्हणजे शाळेतली बाई. ढोकीच्या शाळेत मराठी शिकवण्यात माझी सगळी नोकरी गेली, पण रिटायर झाले तरी गल्लीत, बाजारात, एसटीत मला सगळे बाईच म्हणतात. दहावीच्या पेपरला मी सुपरव्हिजनला असले की खिडकीखाली चिठ्ठ्या घेऊन उभे असलेले मामा-काका आपोआप पांगायचे. एकदा एका पुढाऱ्याच्या मेव्हण्याला मी पाण्याच्या टाकीमागून कानाला धरून बाहेर काढलं होतं. नंतर तो माझ्याच पाया पडायला आला, पेढे घेऊन, पोरगी पास झाली म्हणून. सांगायचा मुद्दा, माझ्यासमोर नक्कल चालत नाही.

आणि हे आमचे, ढोकीच्या साखर कारखान्यात वजनकाट्यावर होते. उसाचा ट्रॅक्टर आला, मागं दोन ट्रॉल्या, की तो काट्यावर नीट चढवायचा, हे ह्यांचं काम. हंगामात तिथं एवढा आवाज की बोलून उपयोग नाही. सगळं हातानं. दोन्ही हात छातीकडं ओढले की येऊ द्या. पंजा उघडला की थांबा. डोक्यावर बोट गरागरा फिरवलं की वळवून आणा. आणि गाडी बरोबर लागली की उजवी मूठ वर आणि अंगठा आभाळाकडं. मी लग्न होऊन ढोकीला आले तेव्हा वाटलं, नवरा मुका आहे की काय! अंगणातून पंजा वाकवून दाखवायचा, म्हणजे चहा. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून पंजा उघडायचे, म्हणजे थांबा, दूध तापतंय. पोरं मोठी झाली, लांब नोकरीला गेली, पण घरातले हातवारे काही सुटले नाहीत.

माझ्या छातीच्या कॅन्सरचं ऑपरेशन होऊन बरीच वर्षं झाली होती. मी तर तो विसरूनही गेले होते. मग एका सकाळी तव्यावर भाकरी होती आणि मला उलथनं हवं होतं. उलथनं समोर टांगलेलं. पण त्याचं नाव येईना. "ते द्या ना, ते... पलटायचं." हे हसले, मीही हसले. मग बाजारात शेपू आठवेना. मग कढीपत्ता. माझ्यासारख्या बाईला, जिनं तीस-पस्तीस वर्षं पोरांना समानार्थी शब्द घोकायला लावले, तिला कढीपत्त्याकडं बोट दाखवून "हे द्या" म्हणायची वेळ आली! रडूच आलं. उजवा पायही उंबऱ्याला अडायला लागला, तेव्हा ह्यांनी माझं एक ऐकलं नाही. मला सोलापूरला नेलं.

मेंदूच्या फोटोत डाग निघाले. काही तांदळाच्या दाण्याएवढे, एक हरभऱ्याएवढा. जुनंच दुखणं वर चढलं होतं. त्यावर आधी किरणांचा शेक दिला. मग तिथल्या डॉक्टर म्हणाल्या, मावशी, एक अभ्यास चालू आहे.

"मावशी नाही, बाई म्हणा," मी म्हटलं.

त्या माझ्या विद्यार्थिनीच्या वयाच्या होत्या, पण शहाण्या. लगेच बाई म्हणायला लागल्या. सांगायची पद्धतही चांगली, सोपी. दोन औषधं आहेत, एक गोळ्यांचं, एक सुईतून द्यायचं. एकेकटी दोन्ही वापरात आहेत. पण मेंदूला स्वतःचं एक कुंपण असतं, त्याच्या आत सगळी औषधं शिरत नाहीत. ही दोन एकत्र दिली तर आतल्या गाठींवर किती चालतात, ते आम्ही तपासतोय. "गुण येईलच असं मी लिहून देऊ शकत नाही," त्या म्हणाल्या.

"लिहून मागितलंय कुणी?" मी म्हटलं.

ह्यांना मात्र एका क्षणात समजलं. "म्हंजे बैलजोडी. चढाला एकटा बैल ओढत न्हाय." डॉक्टर म्हणाल्या, अगदी बरोबर काका. झालं! तेव्हापासून घरी, दारी, गिरणीत, जो भेटेल त्याला हे बैलजोडी समजावून सांगायला लागले, जणू काही औषध ह्यांनीच शोधलंय. माझी सही हवी होती, तर मी संमतीचा कागद तिथंच बसून पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला आणि पर्समधल्या लाल पेनानं ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका दाखवून दिल्या. एवढ्या काळजीनं तो कागद आजवर कुणी वाचला नव्हता म्हणे.

मला मरणाची भीती नव्हती असं म्हणणार नाही, होती. पण त्याहून मोठी भीती शब्दांची होती. आपण असू आणि आपले शब्द नसतील, नुसतं बोट दाखवत बसायचं, ह्याची. जोडी लागली तर शब्द राहतील, नाही लागली तर एकेक करून जातील. माझ्यापुरती त्या अभ्यासाची गोष्ट एवढीच होती.

गोळ्या सुरू झाल्या आणि तळहात सोलायला लागले. भाकरी थापणं बंद. मग हे परातीपुढं बसले. अरे देवा! निम्मी भाकरी तव्यात, निम्मी ह्यांच्या मनगटाला. मी पाटावर बसून हातवारे करायचे, येऊ द्या, येऊ द्या, थांबा, वळवा. पोटही बिघडायचं. ढोकी ते सोलापूर रस्त्यावर कुठल्या स्टँडचं संडास बरं आणि कुठल्याचं बघण्यासारखंही नाही, ते मी झोपेतही सांगू शकेन. एकदा धाराशिवच्या स्टँडवर मी आत असतानाच गाडी सुटायला लागली तर हे गाडीच्या पुढं जाऊन उभे राहिले, पंजा उघडून! ड्रायव्हरनं बिचाऱ्यानं ब्रेक दाबला. त्याला काय माहीत हा माणूस जन्मभर हेच करत आलाय.

आता परीक्षेचं सांगते. दर खेपेला डॉक्टर मला समोर बसवायच्या. नाकाला बोट लावा, सरळ रेषेत चाला, घड्याळ काढा. त्याआधी त्या पाच शब्द सांगायच्या आणि हे सगळं झाल्यावर विचारायच्या, बाई, मघाचे शब्द कोणते? पहिल्या खेपेला मला तीन आले, दोन गेले. जीव एवढासा झाला माझा.

हे बाहेर येऊन म्हणाले, "काय न्हाय, सराव कमी पडला." आणि घरी आल्यावर ह्यांनी सगळ्या गल्लीला कामाला लावलं. ते पाच शब्द सगळ्यांना वाटून टाकले. मी दळण घेऊन गेले की गिरणीवाला पट्टा चालू करायच्या आधी विचारायचा, "बाई, पाच शब्द?" मी म्हणायचे. मगच ज्वारी वर जायची. भाजीवाली वांगी तोलता तोलता विचारायची. शेजारची सून कपडे वाळत घालताना गच्चीवरून ओरडायची, "बाई, म्हणा की!" आणि एखादा शब्द अडला तर सगळी गल्ली एकसुरात सांगायची. चिडायचे मी, पण गंमतही वाटायची. ह्यातल्या निम्म्या लोकांना मी शिकवलं होतं, आणि निम्म्यांना घोकंपट्टीवरून छड्या मारल्या होत्या.

पुढच्या खेपेला मी ताठ बसले. डॉक्टरांनी शब्द सांगितले, तर पाचही वेगळे!

हे खुर्चीतून उठलेच. "ओ मॅडम, ह्यो पेपर आमचा न्हाय! आमचे शब्द निराळे हायत!"

डॉक्टरांना काही समजेना. दर वेळी शब्द बदलतात काका, नाही तर पाठ होतील ना. "पाठच केल्यात की!" हे म्हणाले. त्या दिवशी मला दोनच आले. परतीच्या गाडीत हे एक शब्द बोलले नाहीत, आणि हे गप्प म्हणजे काहीतरी शिजतंय, हे मला समजायला हवं होतं.

त्यानंतरच्या खेपेला हे माझ्या शेजारी बसले नाहीत. पाठ दुखती म्हणून डॉक्टरांच्या मागं, पाण्याच्या जारजवळ जाऊन उभे राहिले. मी म्हटलं, असेल दुखत. शब्द झाले. नाक झालं, चालणं झालं, घड्याळही मी बरं काढलं. डॉक्टरांनी विचारलं, "सांगा बाई."

"विहीर," मी म्हटलं. मग, "चमचा." मग अडले.

तेवढ्यात जारजवळ काहीतरी हललं. बघते तर आमचे हे! कानांच्या बाजूला दोन बोटं वाकवून शिंगं दाखवतायत आणि तोंडानं आवाज न करता बें बें करतायत. मी डोळे फाडून बघतेय. शिंगं करून झाली, तर दोन्ही गालांना हळद लावल्यासारखे तळहात चोळायला लागले. वर दोन्ही हात छातीकडं ओढून, येऊ द्या, येऊ द्या!

मग मात्र माझ्या अंगात जुनी सुपरव्हायझर आली. मी टेबलावर हात आपटला. "उभं राहा!" ते उभेच होते. "बाहेर व्हा! एकदम बाहेर! नाव लिहून घेईन!"

आणि मंडळी, हे गेले. टोपी हातात घेऊन, मान खाली घालून, पुढाऱ्याच्या मेव्हण्यासारखे. डॉक्टरांनी मागं वळून बघितलं आणि त्यांना जे हसू फुटलं! नर्स आत आली, तीही हसायला लागली. मीही हसले, पण आधी म्हटलं, "मेंढी आणि पिवळा लिहू नका. ते माझे नाहीत."

हसणं थांबल्यावर डॉक्टरांनी ह्यांना परत बोलावलं आणि समोर बसवलं. म्हणाल्या, "काका, ह्यात नापास कुणी होत नाही. मला बघायचंय की औषधांनी बाईंना किती बरं वाटतंय. तुम्ही खुणा केल्यात तर तुमचे मार्क गोळ्यांना जातील. मग मी पुढच्या पेशंटला सांगेन, ह्या जोडीनं शब्द परत येतात. आणि तिच्यापाशी तुम्ही नसाल."

हे टोपी फिरवत बसले.

बाहेर आलो, व्हरांड्यातल्या बाकावर टेकलो. माझा राग अजून गेला नव्हता. मी म्हटलं, "लाज नाही वाटली? ह्या वयात? आणि माझ्यासमोर?"

"गिरणीवाला म्हणला, गुण कमी पडले की अभ्यासातनं नाव काढत्यात," हे म्हणाले. "गोळ्या बंद करत्यात."

"त्या गिरणीवाल्याला सातवीत भूगोलात किती होते विचारा आधी."

हे हसले नाहीत. टोपीकडं बघत म्हणाले, "बाई, उन्हाळ्यापासनं तू मला अहो म्हणली न्हायस."

मला वाटलं काय बोलतायत हे. आमच्यात नवऱ्याचं नाव घेत नाहीत. संसारभर मी ह्यांना एकाच शब्दानं हाक मारली. तो शब्द कसा जाईल?

"टाळी वाजवतीस," हे म्हणाले. "न्हाय तर पंजा दावतीस. आधी म्हणलं, आपली कारखान्याची सवय. मग एक दिस तू दारात हुबी हुतीस, मला बलवायचं हुतं तुला. तोंड उघडलंस, आन मिटलंस. आन टाळी वाजवलीस."

मी आठवून बघितलं. खरंच होतं. मला उलथनं गेलेलं कळलं, शेपू गेलेला कळला, आणि हा गेलेला कळलाच नाही, कारण हात होते ना कामाला. ह्यांना तेवढं कळलं होतं. आणि ह्या माणसानं कुणाला सांगितलं नाही, मलाही नाही. गिरणीवाल्याला पाच शब्द वाटत फिरला. माझ्या डोळ्याला धार लागली, त्या व्हरांड्यात, सगळ्यांसमोर.

"अहो," मी म्हटलं. "हे बघा, येतंय की. अहो."

ह्यांनी मान हलवली. "त्ये म्या सांगितलं म्हणून. आत्ताच ऐकलंस. आपसूक आलं पायजे." मग टोपी डोक्यावर घालत म्हणाले, "बराबर हाय त्या पोरीचं. सांगून आलेलं काय खरं न्हाय."

त्यानंतर ह्यांनी तो शब्द माझ्यापुढं काढला नाही. मीही मुद्दाम म्हणून बघितला नाही. म्हणजे खोटं कशाला बोलू, मनात घोकला असता, पण हे म्हणाले ते पटलं होतं. गल्लीतली शिकवणी बंद झाली. गिरणीवाला मुकाट दळून द्यायला लागला, उलट त्यालाच चुकल्या-चुकल्यासारखं व्हायचं. भाकऱ्या गोल व्हायला लागल्या. माझा पाय उंबऱ्याला अडायचा थांबला, आणि एक दिवस मी भाजीवालीला "शेपू दे गं एक जुडी" म्हणून पुढं गेले, तर ती मागून ओरडली, "बाई, शेपू म्हणलात! शेपू म्हणलात तुमी!" पैसेच घेईना. शेपूची जुडी छातीशी धरून मी घरी आले. आमच्या घरी शेपू कुणालाच फारसा आवडत नाही, पण त्या दिवशी आम्ही दोघांनी पातेलं पुसून खाल्लं.

मग मेंदूचा फोटो परत काढायची खेप आली. ते यंत्र भयंकर वाजतं, बायका घाबरतात म्हणे. मला नाही भीती वाटत, ऐन हंगामात कारखान्याच्या आवारात बसल्यासारखं वाटतं. उलट डोळा लागला माझा.

डॉक्टरांनी फोटो लावला आणि नुसतं बघत बसल्या. मग म्हणाल्या, "बाई, तांदळाचे दाणे दिसत नाहीत. आणि हरभऱ्याची मटकी झालीय."

हे एकदम उभे राहिले, परत बसले, परत उभे राहिले. "जोडी लागली! वढलं की हो!" डॉक्टर म्हणाल्या, काका, अभ्यास संपलेला नाही, हे पुढं असंच राहील असं मी आत्ता म्हणणार नाही, औषध चालूच ठेवायचं. मी म्हटलं, चालू ठेवायला आम्ही कुठं नाही म्हणतोय. मला त्या पोरीचा मुका घ्यावासा वाटला. घेतलाही.

परीक्षा झालीच पण. ह्यांना ह्या वेळी माझ्या शेजारी बसायची परवानगी होती. बसले. आणि बसताना दोन्ही हात मांड्यांखाली घातले, तळवे खाली, वर आपलं सगळं वजन. नजर पंख्याला लावली.

नाक, रेषा, घड्याळ. "सांगा बाई."

चार शब्द सटासट आले. कंदील, गूळ, पायरी, मोर. पाचवा नाही. मी शोधला. ह्यांच्याकडं बघितलं. पंख्याकडं बघणारे डोळे पाण्यानं भरलेले, ओठ आत ओढलेले, आणि मांडीखाली हात वळवळतायत. त्यांना माहीत होता तो. बोट हलवलं असतं तरी मला समजला असता, इतकी वर्षं मी ते हात वाचत आलेय. पण हात काही बाहेर आले नाहीत.

"नाही येत," मी म्हटलं. "चार लिहा."

"चार छान आहेत बाई," डॉक्टर म्हणाल्या. छान होतेच. मी निघताना पदर खोचून, ताठ मानेनं निघाले.

एसटी तुळजापूरला आली तशी खच्चून भरली. देवीचं दर्शन घेऊन निघालेल्या बायका, कपाळभर मळवट, हातात परड्या. मी खिडकीला. हे माझ्या शेजारी, टोपी डोळ्यांवर ओढून पेंगत होते. घाट मागं पडला, दोन्ही बाजूला सोयाबीन पिवळं पडत आलेलं. मी काही आठवत नव्हते. पोटाला बरं होतं, वारा छान होता, घरी जाऊन पिठलं टाकावं एवढंच डोक्यात होतं.

आणि एकदम आला!

"अहो! आरसा!" मी ओरडले.

निम्मी गाडी मागं वळली. कंडक्टरनं तिकिटं फाडायची थांबवली. पुढच्या सीटवरच्या मळवट भरलेल्या बाईनं पिशवीत हात घातला, एक छोटा गोल आरसा काढला आणि माझ्यापुढं धरला. "घ्या की मावशी. पर जपून, फुटंल."

हसून हसून माझी पुरेवाट. मी तिचा आरसा हातात घेतला, आता घेतलाय तर कुंकू नीट केलं, परत दिला. "आरसाच होता ना? पाचवा?" ह्यांना विचारलं.

हे टोपी मांडीवर काढून ठेवून माझ्याकडं बघत होते.

"आरसाच ना? डॉक्टरला फोन करून सांगायचा का? नको पण. पेपर दिला, संपलं."

"आरसा ऱ्हाऊ दे," हे म्हणाले. "त्याच्या आदी काय म्हणलीस?"

"कुठं काय म्हटलं?"

"आरशाच्या आदी. पयला शब्द."

मग मला कळलं. मळवटवाली बाई अजून मागं वळून बघत होती, कंडक्टर पुढं धाराशिव, धाराशिव करत होता.

"अहो," मी म्हटलं.

ह्यांनी उजवी मूठ वर केली आणि अंगठा आभाळाकडं धरला.